बॅटरी नवी, अल्टरनेटर नवा, तरी गाडी सकाळी सुरू होत नाही: चार्जिंगच्या बिघाडांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्षभरात दुसरी बॅटरी, मग अल्टरनेटर (इंजिनाच्या बेल्टवर फिरून बॅटरी चार्ज करणारा), मग पुन्हा बॅटरी, आणि एवढा खर्च करूनही सोमवारी सकाळी सेल्फ नुसता टिकटिक करतो. अशा गाड्या आमच्या वर्कशॉपमध्ये नेहमी येतात. त्यांतल्या बहुतेकींत नव्या पार्टचा काही दोष नसतो. पार्ट बदलण्याआधी कुणी मीटर लावून पाहिलेलं नसतं. मालकाचे पैसे गेलेले असतात आणि मूळ दुखणं जागच्या जागी असतं. ते शोधायला काय काय तपासावं, यावर आम्हाला सतत विचारले जाणारे प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं १२ व्होल्टच्या पेट्रोल-डिझेल गाड्यांसाठी आहेत. इलेक्ट्रिक गाडीचा प्रश्न शेवटाकडे वेगळा आहे.

बॅटरी बदलून सहा महिनेही झाले नाहीत आणि ती पुन्हा उतरली. बॅटरीच खराब निघाली का?

निघू शकते, पण तो अंदाज शेवटी करा. बॅटरी उतरायला तीन वाटा असतात. गाडी चालू असताना तिला पुरेसं चार्जिंग मिळत नाही, गाडी उभी असताना कुणीतरी करंट ओढतं, किंवा गाडी इतकी कमी चालते की सेल्फने खाल्लेलं भरून निघत नाही. तिन्हींत नवी बॅटरी काही आठवडे सगळं झाकून ठेवते, कारण ती भरलेलीच येते. मग ती उतरते, दुकानदार ती रात्रभर चार्जिंगला लावतो, सकाळी टेस्टर ‘ओके’ दाखवतो आणि बॅटरी परत तुमच्या हातात येते. त्याचं म्हणणं खरं असतं आणि तुमचा त्रासही खरा असतो.

एक लक्षात ठेवा. शिशाची बॅटरी दर वेळी तळाला गेली की प्लेटांवर सल्फेट बसतं आणि त्यातलं काही पुन्हा निघत नाही. मूळ दोष न शोधता चार-पाच वेळा उतरवलेली चांगली बॅटरी शेवटी खरोखरच खराब होते. म्हणून ‘बघू, अजून एकदा चार्ज करून’ हे धोरण महाग पडतं.

घरच्या घरी काय तपासता येईल? मीटर कुठलं घ्यावं?

साधा डिजिटल मल्टीमीटर पुरतो. त्यात डीसी व्होल्ट आणि १० ॲम्पिअरची रेंज असावी.

पहिलं माप सकाळी, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, बॉनेट उघडून थेट बॅटरीच्या टर्मिनलवर घ्या. १२.६ किंवा त्याहून थोडं जास्त म्हणजे बॅटरी भरलेली. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी. १२ च्या खाली गेली असेल तर ती जवळपास रिकामी आहे. गाडी चालवून आल्या आल्या मोजू नका. तेव्हा प्लेटांवर वरवरचा चार्ज असतो आणि आकडा फुगून दिसतो. दहा मिनिटं हेडलाइट लावून बंद करा, थोडं थांबा, मग मोजा.

दुसरं माप सेल्फ मारताना. कुणाला तरी किल्ली फिरवायला सांगा आणि आकडा किती खाली जातो ते पाहा. भरलेली, धड बॅटरी ९.६ च्या खाली जाऊ नये. भरलेली असूनही ती ८ वर कोसळत असेल तर बॅटरी गेली, किंवा सेल्फ मोटर जाम होऊन भलता करंट ओढते आहे.

तिसरं माप इंजिन चालू असताना. बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.७ च्या दरम्यान येतं. इंजिन चांगलं तापलं असेल आणि बाहेर ४० अंश ऊन असेल तर अल्टरनेटरचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर ते मुद्दाम थोडं उतरवतो, त्यामुळे नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात १३.६ दिसलं म्हणून अल्टरनेटर काढायला घेऊ नका. उलट साध्या गाडीत सतत १५ च्या वर दिसलं तर लगेच थांबा. बॅटरी उकळते, पाणी उडतं, टर्मिनलभोवती ओल आणि आंबूस वास येतो. तो रेग्युलेटरचा, म्हणजे आमच्या बोलीत कटआउटचा, दोष.

आमच्या मेकॅनिकने मीटर लावला, १४.२ आलं. म्हणजे चार्जिंग ठीक आहे ना?

एवढ्यावरून तसं म्हणता येत नाही, आणि वारंवार येणाऱ्या बिघाडांत सगळ्यात जास्त फसवणूक इथेच होते. रिकाम्या गाडीत, लाइट-एसी बंद असताना, अल्टरनेटरला काही कामच नसतं. तेव्हा अर्धा कुजलेला केबलसुद्धा १४.२ दाखवून देतो. खरी परीक्षा लोडवर होते. हेडलाइट अपर, ब्लोअर पूर्ण, मागच्या काचेचा हीटर असेल तर तोही चालू करा, इंजिन दीड-दोन हजार आरपीएमवर धरा आणि मग मोजा. बॅटरीवर १३.५ पेक्षा खाली आलं तर पुढची चाचणी करायलाच हवी.

ती चाचणी म्हणजे व्होल्टेज ड्रॉप. सगळा लोड तसाच चालू ठेवून मीटरची लाल तार अल्टरनेटरच्या मागच्या जाड केबलच्या नटवर आणि काळी बॅटरीच्या प्लसवर लावा. आकडा ०.२ च्या आसपास असावा, ०.३ च्या वर गेला तर त्या केबलमध्ये, त्याच्या लगमध्ये (टोकाच्या कडीत) किंवा वाटेतल्या मोठ्या फ्यूजच्या बोल्टवर दोष आहे. मग एक तार अल्टरनेटरच्या बॉडीला आणि दुसरी बॅटरीच्या मायनसला. इथेही ०.२ च्या आतच हवं. शर्टाची बाही, ओढणी, मीटरच्या वायरी बेल्ट आणि फॅनपासून लांब ठेवा. इंजिन चालू आहे हे विसरू नका.

रत्नागिरीकडून आलेली एक जुनी हॅचबॅक सांगतो. बॅटरी बदललेली, अल्टरनेटरही बदललेला. लोडवर बॅटरीपाशी १३.१ येत होतं, आणि खुद्द अल्टरनेटरवर, नट ते बॉडी, १४.३. म्हणजे १.२ व्होल्ट वाटेत हरवत होते. प्लस बाजूला ०.१५ होते. उरलेले सगळे अर्थिंगमध्ये, म्हणजे मायनसच्या परतीच्या वाटेत. बॅटरीचा ट्रे काढला तर खाली गिअरबॉक्सवरून चासीला जाणारी अर्थिंगची पट्टी होती. वरून अखंड, बोल्ट घट्ट. तिच्यावरची प्लास्टिकची नळी चिरली आणि आतून तांब्याच्या तारांऐवजी हिरवा भुगा गळला. जेमतेम काही तारा धरून होत्या. समुद्राकडची खारी हवा आणि बॅटरीतून ठिबकलेलं ॲसिड, दोन्हींनी मिळून ती खाल्ली होती. नवा रेग्युलेटर स्वतःपाशी १४.३ मोजून समाधानी होता, आणि बॅटरी रोज अर्धपोटी राहत होती. पट्टी बदलली आणि दोन्ही टोकांचा रंग घासून पत्रा उघडा केला. त्या गाडीला एवढंच लागलं.

अर्थिंग खराब असल्याची आणखी एक खूण सांगून ठेवतो. सेल्फ मारल्यावर क्लच, ॲक्सिलरेटर किंवा गिअरची केबल गरम लागली, तर सेल्फचा करंट इंजिनातून परत जायला तीच वाट वापरतो आहे असं समजा.

बेल्ट नवा आहे, तरी पावसात किंचाळतो आणि चार्जिंगचा दिवा लुकलुकतो. का?

बेल्ट घसरतो आहे. नुसता बेल्ट बदलून भागत नाही, कारण घसरायचं कारण बहुधा बेल्ट ताणून धरणाऱ्या टेन्शनरच्या थकलेल्या स्प्रिंगमध्ये, झिजलेल्या पुलीत किंवा बेल्टवर पडणाऱ्या ऑइल-कूलंटमध्ये असतं. हल्लीचे रबरी बेल्ट जुन्यांसारखे भेगाळत नाहीत, त्यांच्या धारा आतून झिजतात. त्यामुळे भेगा नाहीत म्हणजे बेल्ट चांगला, हा निकष आता चालत नाही. पुलीभोवती काळी रबराची पूड दिसली तर ती खूण धरा.

बेल्ट उगाच ताणून घट्टही करू नका. आवाज थांबतो, पण बेअरिंगवर ताण जातो आणि काही महिन्यांत अल्टरनेटर घरघरायला लागतो. काही डिझेल गाड्यांत अल्टरनेटरच्या पुलीतच एकाच दिशेला धरणारा क्लच असतो. तो फसला की बेल्ट फडफडतो, आणि तो मोकळा फिरायला लागला की पुली फिरते पण आतला रोटर फिरत नाही. वरून पाहणाऱ्याला सगळं चालू दिसतं.

चार्जिंगचा दिवा अंधुक पेटलेला राहतो. कधी कधी इग्निशन ऑन केल्यावर अजिबात पेटत नाही. यातलं काळजीचं काय?

दोन्ही.

अंधुक दिवा म्हणजे बऱ्याचदा अल्टरनेटरच्या एसीचा डीसी करणाऱ्या डायोड प्लेटमधला एखादा डायोड गेलेला असतो. अल्टरनेटर चार्ज करतो, पण कमी. रेडिओत इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शीळ ऐकू येत असेल तर संशय पक्का होतो. मीटर एसी व्होल्टवर ठेवून चालू इंजिनात, लोडसह, बॅटरीवर मोजा. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर डायोड तपासायला द्या. स्वस्त मीटर एसी रेंजवर बॅटरीचा डीसीसुद्धा एसी समजून भलता आकडा देतात, तेव्हा आधी इंजिन बंद ठेवून शून्य येतं ना ते पाहून घ्या.

दिवा अजिबात पेटत नसेल तर त्याकडे दुर्लक्ष करू नका. जुन्या धाटणीच्या अल्टरनेटरला सुरुवातीचा थोडा करंट याच दिव्यातून मिळतो. बल्ब उडाला किंवा त्याची बारीक वायर तुटली की अल्टरनेटर जागा होत नाही, किंवा इंजिन एकदा जोरात रेस केल्यावरच चार्ज करायला लागतो. अशा गाडीत चांगला अल्टरनेटर काढून दुसरा बसवतात आणि दुसराही चार्ज करत नाही. आधी बल्ब बघा.

गाडी रोज चालवली तर त्रास नाही, दोन दिवस उभी राहिली की बॅटरी खलास. हे कसं शोधायचं?

उभ्या गाडीत करंट गळतो आहे. थोडी गळती प्रत्येक गाडीत असते. घड्याळ, सेंट्रल लॉक, ईसीयूची (इंजिनाच्या कॉम्प्युटरची) मेमरी यांना थोडंफार लागतंच. ५० मिलीॲम्पिअरपर्यंत चिंता नको. त्या हिशेबाने दिवसाला १.२ ॲम्पिअर-तास जातात आणि ४५ ॲम्पिअर-तासांची बॅटरी अर्ध्यावर यायला अडीच-पावणेतीन आठवडे लागतात. तीच गळती ५०० मिलीॲम्पिअर असेल तर दिवसाला १२ जातात आणि दोन दिवसांत बॅटरी अर्धी.

बॅटरीची मायनस केबल काढा आणि मीटर १० ॲम्पिअरच्या रेंजवर, केबल आणि टर्मिनल यांच्या मध्ये, सिरीजमध्ये जोडा. त्याआधी दरवाजाचं लॉक स्क्रू-ड्रायव्हरने दाबून बंद करून ठेवा, म्हणजे दरवाजा उघडा असला तरी गाडीला तो बंद वाटेल आणि फ्यूज बॉक्सपर्यंत हात जाईल. बटण स्टार्टची किल्ली घरात ठेवून या. मग अर्धा तास काही करू नका. हल्लीच्या गाड्यांतले मॉड्यूल, म्हणजे छोटे कॉम्प्युटर, झोपायला वीस ते चाळीस मिनिटं घेतात, आणि घाईत मोजणारा माणूस जाग्या गाडीचा करंट पाहून भलतीकडे शोधत बसतो. मीटर जोडलेला असताना इग्निशन ऑन करू नका, सेल्फ तर मुळीच मारू नका. मीटरचा फ्यूज उडेल.

आकडा जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा, आणि कुठल्या फ्यूजला आकडा पडतो ते पाहा. फ्यूज काढून परत लावला की काही मॉड्यूल पुन्हा जागे होतात, म्हणून त्याहून चांगली रीत अशी की फ्यूज जागेवरच ठेवून त्याच्या डोक्यावरच्या दोन उघड्या टोकांवर मिलीव्होल्ट मोजायचे. ज्यात करंट वाहतो त्यातच आकडा येतो.

आम्हाला सापडलेली कारणं बहुतेक नंतर जोडलेल्या वस्तूंची असतात: इग्निशनऐवजी थेट बॅटरीवरून घेतलेला डॅशकॅम, रिमोट लाइन चुकीच्या वायरीला लावलेला ॲम्प्लिफायर, जीपीएस ट्रॅकर, डिकीतला न विझणारा दिवा. पावसाळ्यात बॉनेटखाली उबेला आलेल्या उंदरांनी कुरतडलेल्या वायरीही. सगळे फ्यूज काढूनही गळती तशीच राहिली तर अल्टरनेटरवर या. शॉर्ट झालेल्या डायोडमधून बॅटरी रात्रभर गळते आणि त्या वाटेवर केबिनमधला एकही फ्यूज नसतो. आधी बॅटरीची मायनस केबल सुटी करा, मग अल्टरनेटरची जाड केबल काढा, टोकाला टेप गुंडाळा, पुन्हा मोजा. आकडा खाली आला तर चोर सापडला.

अल्टरनेटर तिसऱ्यांदा जळला. रिपेअरवाला वाईट काम करतो का?

कधी कधी करतो. फक्त कार्बन आणि बेअरिंग बदलून, ते कार्बन ज्यांवर घासतात त्या झिजलेल्या स्लिप रिंग तशाच ठेवून दिलेला अल्टरनेटर फार टिकत नाही. हलक्या डायोड प्लेटही बाजारात आहेत. जुना भाग परत मागा, स्लिप रिंगला बोट लावून खाच पडलीय का बघा.

पण तीन वेळा जळला असेल तर त्याला जाळणारं काहीतरी गाडीत आहे असं धरा. एक सेल शॉर्ट झालेली बॅटरी कधीच भरत नाही आणि अल्टरनेटर दिवसभर पूर्ण ताकदीने तिला भरत राहतो. पूर्ण उतरलेली बॅटरी धक्का मारून किंवा जंपरने सुरू करून, मग लांब ड्राइव्हवर ‘भरून’ घेण्याची सवयही त्याला मारते. अल्टरनेटर भरलेली बॅटरी भरलेली ठेवण्यासाठी असतो. तळाला गेलेली बॅटरी बाहेरच्या चार्जरवर, तिच्या क्षमतेच्या दहाव्या भागाएवढ्या करंटने भरा. ४५ च्या बॅटरीला चार-साडेचार ॲम्पिअर. पुढे जादा लाइट आणि हॉर्नचा हिशेब करा. १०० वॉटचे दोन हॅलोजन म्हणजे सोळा-सतरा ॲम्पिअर झाले, आणि ट्रॅफिकमध्ये आयडलवर अल्टरनेटर त्याच्या पाटीवरच्या आकड्याच्या बराच खाली असतो.

जुन्या बऱ्याच डिझेल गाड्यांत अल्टरनेटरच्या पाठीवरच व्हॅक्यूम पंप बसवलेला असतो आणि त्याला इंजिनाचं ऑइल जातं. त्याचं सील गेलं की ऑइल अल्टरनेटरमध्ये उतरतं, कार्बन चिकट होतात, वाइंडिंग भिजतं. अल्टरनेटरचं वाइंडिंग कितीही वेळा भरून घ्या, सील आणि ऑइलची नळी बदलेपर्यंत तो पुन्हा जाणारच. याच पंपावर ब्रेकचा बूस्टर चालतो, तेव्हा ब्रेक दगडासारखा घट्ट लागायला लागला आणि चार्जिंगही कमी झालं असं एकदम घडलं तर गाडी पुढे नेऊ नका.

नव्या गाडीत इंजिन चालू असताना कधी १२.६, कधी १४.८ दिसतं. बिघाड आहे का?

बहुधा नाही. हल्लीच्या अनेक गाड्यांत अल्टरनेटरचा ताबा ईसीयूकडे असतो. एकसारख्या वेगात चालताना इंधन वाचवायला तो चार्जिंग कमी करतो आणि ॲक्सिलरेटर सोडला की वाढवतो. मारुतीने २०१५ मध्ये सियाझमध्ये आणलेल्या एसएचव्हीएससारख्या माइल्ड हायब्रिड प्रणालीत तर अल्टरनेटरच्या जागी चार्जिंगही करणारी आणि सेल्फ मारण्यातही मदत करणारी मशीन असते. अशा गाडीत एका क्षणाच्या मापावर निर्णय घेऊ नका. स्कॅनर लावून ईसीयूने किती व्होल्ट मागितले आणि किती मिळाले ते पाहा.

या गाड्यांत वारंवार त्रास होण्याची दोन कारणं आम्हाला सारखी दिसतात. पहिलं, सिग्नलला आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होणाऱ्या स्टार्ट-स्टॉप गाडीला सांगितलेली ईएफबी किंवा एजीएम जातीची दणकट बॅटरी सोडून, स्वस्त म्हणून साधी बसवलेली. ती सततचं सेल्फ मारणं फार काळ सोसत नाही. दुसरं, मायनस टर्मिनलवर बसवलेला करंट सेन्सर. नवीन ॲक्सेसरीची अर्थिंग वायर सेन्सर टाळून थेट बॅटरीच्या मायनसवर जोडली की त्या करंटचा हिशेब ईसीयूला लागत नाही आणि चार्जिंग कमी पडतं. अर्थिंग नेहमी चासीला घ्या. काही युरोपियन गाड्यांत नवी बॅटरी बसवल्यावर स्कॅनरने तिची नोंद करावी लागते. तेही राहून जातं.

इंजिन चालू ठेवून बॅटरीची केबल काढायची, गाडी बंद पडली तर अल्टरनेटर खराब. ही चाचणी बरोबर आहे का?

कृपा करून कुणालाही तुमच्या गाडीवर हे करू देऊ नका. बॅटरी व्होल्टेजचे झटके शोषून घेते. ती अचानक काढली की काही क्षण व्होल्टेज कित्येक पटींनी उसळतं आणि ईसीयू, मीटर, म्युझिक सिस्टिम यांतलं काहीही जाऊ शकतं. शिवाय अल्टरनेटर अर्धवट चालत असला तरी गाडी चालूच राहते, म्हणजे निदानही होत नाही. कार्बोरेटरच्या जमान्यातली सवय आहे, ती सोडायला हवी.

रोज ऑफिसला चार किलोमीटर जातो. त्यानेही बॅटरी उतरते?

हो. सेल्फने घेतलेलं भरायला तेवढा वेळ पुरत नाही, त्यात एसी, वायपर, सिग्नलवरचं आयडल. बाकी सगळी मापं बरोबर येत असतील तर गाडीत दोष नाही. महिन्यातून एकदा-दोनदा चार्जर लावा.

पाणी कुठलं घालायचं? टर्मिनलवरची पांढरी-हिरवी पूड कशाने काढायची?

डिस्टिल्ड पाणी, आणि प्लेटा बुडून वर थोडं. ॲसिड कधीही नाही. पूड काढायला आधी मायनस केबल, मग प्लस काढा. खाण्याचा सोडा कोमट पाण्यात घालून ब्रशने घासा, सेलमध्ये ते पाणी जाऊ देऊ नका. पुसून, कोरडं करून घट्ट बसवा आणि वरून व्हॅसलिन लावा. पाणी दर महिन्याला घालावं लागत असेल तर ओव्हरचार्जिंग तपासा.

इलेक्ट्रिक गाडीला अल्टरनेटरच नाही, मग तिची १२ व्होल्टची बॅटरी का उतरते?

तिथे ते काम मोठ्या बॅटरीवरून चालणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर करतो. तो थांबला की मोठ्या बॅटरीत भरपूर चार्ज असूनही गाडी जागी होत नाही. ह्युंदाई आयोनिक ५ आणि किया ईव्ही ६ या गाड्या २०२४ मध्ये भारतात परत मागवल्या गेल्या त्या याच कामाच्या, आयसीसीयू नावाच्या युनिटसाठी. रस्त्यावरच्या मेकॅनिकला यात हात घालू देऊ नका; नारिंगी केबलमध्ये जीवघेणं व्होल्टेज असतं.

रात्री घाटात चार्जिंगचा दिवा लागला. किती लांब जाता येईल?

आधी तापमानाचा काटा बघा. काही इंजिनांत वॉटर पंप त्याच बेल्टवर असतो. बेल्ट तुटला असेल तर काटा चढतो आणि तिथे इंजिन बंद करण्यावाचून पर्याय नाही. काटा ठीक असेल तर हिशेब असा: हेडलाइट साधारण दहा ॲम्पिअर, इंधन पंप-इग्निशन-ईसीयू मिळून आणखी दहाच्या आसपास, वायपर आणि ब्लोअर वेगळे. ४५ ची भरलेली बॅटरी रात्री एसी बंद ठेवून तासभर ओढेल, जुनी असेल तर त्याहून बरीच कमी. एसी, ब्लोअर, म्युझिक, मोबाइल चार्जर बंद करा, हेडलाइट मात्र बंद करू नका. इंजिन मध्येच बंद करू नका, पुन्हा सेल्फ लागणार नाही. लाइट पिवळे पडायला लागले किंवा स्टिअरिंग जड झालं तर पुढच्या गावाची वाट न पाहता उजेडाच्या जागी, हॉटेल किंवा पेट्रोल पंपावर, गाडी रस्त्यापासून आत घ्या.